तोंडातले खिळे

ता. ४ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगतो. दुकान बरं चाललंय, आम्ही बापलेक मात्र बरे नाही. आगीत तेल मीच ओतलं. बाबांची बोटं आखडतात म्हणून सोफ्याला पिना मारायची गन आणली. इतकी वर्षं ते तोंडात बारीक खिळे धरून कापड ठोकायचे, एकेक खिळा जिभेने ओठांत आणून. तोंड भरलेलं, म्हणून दुकानात शांतता. आता तोंड रिकामं आणि दिवसभर तोफखाना! काल तर गिऱ्हाइकासमोर म्हणाले, याला खुर्चीची पाठ कुठली आणि बूड कुठलं तेही कळत नाही. गिऱ्हाईक हसलं. आई असती तर मधे पडली असती.

उद्यापासून तुमचं तुम्ही बघा, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. फर्निचरच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. रागाच्या भरात जायचं नाही एवढंच ठरवलंय. पण राग काही उतरत नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया पाठवत राहा, इथे तिचा तुटवडा आहे.

तुझा,
धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग रडू आलं. जायचं तर खुशाल जा, पण तोडून बोलून जाऊ नकोस. मागाहून कितीही गोड बोललास तरी बाबा तेवढंच लक्षात ठेवतील.

आईची एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ती मागच्या खोलीत खोळी शिवायची तेव्हा मशीनवर पितळी पेला असायचा, आठवतो? बाबांचा पारा चढला की ती पाण्याचा घोट तोंडात धरायची आणि स्वतःचा राग ओसरल्यावरच गिळायची. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने मला हे हळूच सांगितलं. मला फारसं जमत नाही, तुझे भाऊजी साक्षीला आहेत! तू करून बघ. बाबांना मात्र कारण सांगू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल.

जेवणाची आबाळ करू नकोस. इकडची काळजी नको, लोभ आहेच.

तुझी,
ताई

ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. मोठीस,
अ. उ. आ.

तुझ्या भावाला वेड लागलं असं मला वाटलं होतं. हातात गन आणि तोंडात खिळे! मी ओरडलो की हा डबीतले खिळे तोंडात टाकायचा. शेवटी विचारलं, गन असताना खिळे कशाला? त्याने ते तळहातावर काढले आणि म्हणाला, आधी पाणी धरत होतो, पण ते गिऱ्हाइकाच्या मखमलीवर सांडलं. पाणी तरी कशाला, असं विचारल्यावर आईचं नाव निघालं. त्याला रागावू नकोस, मीच खोदून काढलं.

तुझ्या आईला मी तहानलेली मैना म्हणायचो. एवढं पाणी पिते म्हणून एकदा डॉक्टरकडे नेली, साखर तपासून घेतली. काही निघालं नाही. तीही गुमान आली, सुई टोचून घेतली आणि घरी येऊन पेला भरून ठेवला. ते आठवून काल मला मागच्या खोलीत बसवेना. फार वाईट वाटतंय गं. दुसऱ्या कुणाला सांगू?

पेला घासून माझ्या हाताशी ठेवलाय. त्याला म्हटलं, जायचं तर जा, मी अडवणार नाही. तेही हळू आवाजात, तुला खरं वाटणार नाही. आज सकाळी त्याने कारखान्याला नकार कळवला. वर मलाच विचारतो, बाबा, या खुर्चीची पाठ तिरकी बसलीय का? बसली होती. चांगली बोटभर! कुणीही शहाणा माणूस बोललाच असता.

मी आधी पेला उचलला. घोट गिळल्यावर म्हणालो, चल, दोघं मिळून उसवू.

जावईबापूंना नमस्कार सांग. म्हाताऱ्यावर माया ठेव.

तुझे,
बाबा