पित्तराचा पाट

मंगळवार, ९ सप्टेंबर. देऊळघाट

आलो एकदाचे नव्या घरी! जानेफळहून टेम्पो आठला निघाला आणि साडेदहाला दारात. छकुली पुढे ड्रायव्हरजवळ बसून, वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्यानं वाचत आली. सात वर्षांची आहे, पण हुकूम सुभेदाराचे सोडते. कपाट कुठे ठेवायचं हेही तिनंच ठरवलं.

सुचिताची बदली इथल्या उपकेंद्रात झाली. ती नर्स आहे, तेव्हा जिथे बदली तिथे बिऱ्हाड. घर झकास मिळालं. पुढे एकच लांब ओटा आणि त्यावर दोन दारं, डावीकडचं मालकांचं, उजवीकडचं आमचं. आत दोन्ही बिऱ्हाडांच्या मध्ये एक दार आहे, त्याला दोन्हीकडून कडी. मागे परसात भोपळ्याचा वेल छपरावर चढलाय.

मालक भगवानराव भाजीपाला पिकवतात. माणूस चांगला, पण ऐन पितृपक्षात आम्ही आलेलो पाहून कपाळाला हात लावला. म्हणाले, पित्तरपाटात कोणी घर बदलते का? घटस्थापनेले आले असते त काय बिघडत व्हतं? मी म्हटलं, काका, फौजेत सुट्टी पंचांग बघून देत नाहीत. त्यावर पुष्पाबाई, म्हणजे त्यांची घरवाली, हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या.

बुधवार, १० सप्टेंबर

दिवसभर खिळे ठोकले. सुचिता कामापुरतंच बोलते आहे. कारण मला ठाऊक आहे आणि मी ते लिहिणारही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी आमच्या पलटणीतून जी तुकडी दक्षिण सुदानला जायची आहे, तिच्या यादीत माझं नाव आहे. पक्कं व्हायचंय. झालं तर एक वर्ष. बायकामुलांना नेता येत नाही. नाव मी स्वतः दिलं आणि सुचिताला नंतर सांगितलं, ही चूक कबूल. पण चौदा वर्षांच्या नोकरीत एकदा समुद्रापलीकडे तिरंगा खांद्यावर लावून उभं राहावंसं वाटलं, तर तो काय गुन्हा झाला? एक वर्ष म्हणजे काय, हा हा म्हणता जातं. असं मी तिला म्हटलं. तुमचं जातं, ती म्हणाली, आमचं दिवसा-दिवसानं जातं.

संध्याकाळी पुष्पाबाईंनी एक विनंती केली. त्यांचा मुलगा प्रेम चार वर्षांपूर्वी आखातात क्रेन चालवायला गेला आणि तिथेच वारला. देहसुद्धा इकडे आला नाही. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्याचं श्राद्ध पंचमीला, म्हणजे उद्या, असतं. त्याच्या वयाचा माणूस पित्तर म्हणून पाटावर बसवायचा, पाय धुवायचे, जेवू घालायचं. दर वर्षी बसणारा भाचा यंदा पुण्याला आहे. मी बसेन का? आईनं मागितलेलं कोण मोडणार. हो म्हणालो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दुपारी पित्तर झालो. काय पाहुणचार, वा! कढी, भजे, उडदाचे वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी. मेसमधला आमचा आचारी भंडारी हे बघता तर राजीनामा देता. पुष्पाबाईंनी पाय धुतले, गंध लावलं आणि मला प्रेम म्हणूनच हाक मारली. जेव बापू, सावकाश जेव.

शेवटची वाटी खीर संपत होती आणि मधल्या दारापलीकडे, आमच्या खोलीत, माझा फोन वाजला. पलटणीची रिंग वेगळी ठेवलेली आहे. हातही न धुता उठलो आणि उघड्या मधल्या दारानंच आत पळालो. क्लार्क होता. नाव पक्कं झालं. चोवीसला दिल्लीत हजर व्हायचं.

उड्याच मारायच्या बाकी होत्या. वळून पाहिलं तर भगवानराव मधल्या दारात उभे. चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाले. पुष्पाबाई मात्र मागे पाटाजवळच बसून होत्या आणि रिकाम्या पाटाकडे बघत होत्या.

सुचितानं बातमी ऐकली आणि भांडी घासायला गेली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळी चहा मागितला तर सुचिता म्हणाली, आत्ताच तर घेतला. उष्टा कप दाखवला. मी घेतला नव्हता. म्हटलं, छकुलीनं घेतला असेल. छकुली चहा पीत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

बुलडाण्याला गेलो होतो, पासपोर्टचे फोटो आणि उलनचे मोजे. (सुदानात मोजे कशाला म्हणून सुचिता कधी नव्हे ती हसली.) दुपारी दीडला परत आलो. छकुली ओट्यावर होती, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. मी म्हटलं, आईनं छान घातल्या. ती म्हणाली, आई त पोलिओच्या ड्यूटीवर गेली, तुम्हीच त घातल्या बाबा.

मला वेणी घालता येत नाही. तिच्या जन्मापासून सात वर्षांत मी सगळा मिळून साताठ महिने घरी असेन. शिकणार कधी?

पोरीची चेष्टा आहे असं समजून सोडून दिलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

चेष्टा नाही.

सुचिता आज खुशीत होती. पोळ्या लाटताना गुणगुणत होती. मला म्हणाली, तुम्ही काल दुपारी बोललात त्यानं फार बरं वाटलं. काय बोललो? जाणार नाही म्हणालात ना.

काल दुपारी मी नळदुरुस्तीवाल्याला शोधत गावभर फिरत होतो.

तिला मी खरं सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं, ते पुसायला जीव झाला नाही. पण मला आज भीती वाटली. सीमेवर वाटते ती नव्हे. तिथे शत्रू समोर असतो आणि घर पाठीशी असतं.

बुधवार, १७ सप्टेंबर

भगवानरावांना मळ्यात गाठलं. वांग्याच्या वाफ्यात उभं राहून सगळं विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलले.

रीत अशी. पित्तर म्हणून जो जेवला, त्यानं पुढच्या उंबऱ्यावरूनच बाहेर जायचं. मागे वळून बघायचं नाही. वाढणारीनं म्हणायचं, ये आता. मग पित्तर त्याच्यासोबत बाहेर पडतो. मी उठलो आणि घराच्या आतच गेलो. कोणी 'ये आता' म्हटलं नाही. म्हणजे जो जेवायला आला होता, तो जेवून माझ्या बिऱ्हाडात शिरला.

तुम्ही त्याच दिवशी का सांगितलं नाही, असं मी ओरडून विचारलं. ते रडायला लागले. म्हणाले, बायको चार सालात पह्यल्यांदा पोटभर जेवली, मंग मी काऊन बोलू?

मी सांगून आलो. तुमच्या पोराचं मला दुःख आहे, पण माझ्या घरात त्याचं काम नाही. हवालदार गजेंद्र म्हस्के जिवंत आहे आणि आपली चौकी सोडत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मधल्या दाराला कुलूप घातलं. समोर खुर्ची टाकून सकाळपासून बसलो. ये म्हटलं, समोर ये.

अकरा वाजता मागच्या खोलीतून छकुलीच्या पुस्तकातला धडा ऐकू आला. वाचणारा आवाज माझा. शब्दन् शब्द सावकाश, ती अडेल तिथे थांबून. मी कधी असं शिकवलं नाही. मला धीरच नसतो.

धावत गेलो. छकुली एकटी होती. मागच्या दारातून हिरव्या बनियानची पाठ परसात जाताना दिसली. बनियान माझी. पाठही माझी.

हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सुचितानं माझं ताट वाढलं नाही. आत्ताच जेवलात, म्हणाली. मी ओरडलो. सगळं सांगितलं, प्रेम, पाट, मधलं दार, सगळं. ती माझ्याकडे बघत होती, पण उशीर करून. मी बोलल्यावर थोड्या वेळानं तिची नजर माझ्यापर्यंत यायची. मग म्हणाली, तुम्हाला जायची घाई झालीय ना, म्हणून असलं काही सुचतं.

मी तिच्यावर आणि पोरीवर जिवापाड प्रेम करतो. हे आजवर लिहिलं नव्हतं. लिहून ठेवतो. तो वेण्या घालतो म्हणून तो बाप होत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

ठरवलं. सुदान गेलं खड्ड्यात. पलटणीला फोन लावला. घरची अडचण आहे, नाव काढा, राखीव यादीतला पाठवा.

क्लार्क गोंधळला. म्हणाला, सकाळीच तर फोन केलात साहेब. तेव्हाच काढलं.

म्हणजे तो मी जायची वाट बघतच नाहीये. मी इथे असतानाच माझ्या जागी बसलाय.

भगवानराव म्हणतात, उद्या सर्वपित्री अमावस्या आहे. पुन्हा पाटावर बस, रीतीनं जेव, रीतीनं बाहेर जा. नाल्यापर्यंत जाऊन मग परत ये. पुष्पाबाईनं 'ये आता' म्हटलं की पोरगं जाईल. पुष्पाबाई तयार आहेत का? हाव म्हणाली, असं ते म्हणाले.

माझी तयारी आहे. एकदा नाही, दहादा बसेन.

रविवार, २१ सप्टेंबर, सकाळी

आंघोळ केली. छकुली अजून झोपलीय. तिच्या कपाळावरून हात फिरवला. तिनं झोपेत हात झटकला, माशी बसल्यावर झटकतात तसा.

जातो आणि त्याला घेऊनच बाहेर पडतो.

दुपारी, ओट्यावर

जेवलो. 'ये आता' म्हणाल्या. उंबरा ओलांडला. नाल्यापर्यंत गेलो, एकदाही मागे पाहिलं नाही. अर्धा तास थांबून परत आलो.

आमचं दार उघडं होतं. मला उंबऱ्यावर पाऊल ठेवता येईना. अडवणारं कोणी नाही, तरी पाय उचलतच नाही.

आत सुचिता आणि छकुली जेवताहेत. तिसरं ताट आहे. त्यावर कोणीतरी बसलंय, पाठमोरं.

हाका मारल्या. घसा सुकेपर्यंत.

सुचिता केर टाकायला बाहेर आली. माझ्या अंगावरून गेली.

पुष्पाबाईंना मी दिसतो. जिनं वाढलं तिलाच दिसतो. ओट्याच्या त्या टोकाला बसल्या आहेत. मी विचारलं, तुम्ही कुणाला निरोप दिलात? पाटावर जो बसला त्याले, त्या म्हणाल्या. मग पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, तू त जाऊनच राह्यला व्हता ना पोरा. माह्याले राहू दे.

खरं आहे. मी जातच होतो. हसत हसत.

पण आता नाही. ऐका, सगळे ऐका. जात नाही. या ओट्यावरून तसूभर हलत नाही —

थोड्या वेळानं

आज गावात घरोघरी पानं बाहेर निघताहेत. आमच्याही घरातून छकुली आली. हातात पान, त्यावर वडा, खीर, भात. माझ्यासमोर ठेवलं. हात जोडले. पित्तरबाबा, जेवा अन् जा. आतून माझा आवाज तिला शब्द सांगत होता.

छकुले, मी आहे. मी.

ती माझ्या पलीकडे कावळा शोधतेय.

भूक लागलीय. आत्ताच जेवलो तरी. मरणाची भूक. पण हे शिवायचं नाही. शिवलं की निघावं लागेल, एवढं मला समजतं. ऊन डोक्यावर आलंय. बसू दे त्याला आत. मी इथेच. पहारा माझा आहे —

ती अजून उभी आहे. कोणी शिवत नाही म्हणून तोंड एवढंसं झालंय. आईला विचारतेय, आपलं काही चुकलं का? ते रागावले का आपल्यावर?

नाही ग. रागावलो नाही.

ओठ काढलाय तिनं. आता रडेल. आतला म्हणतो, राहू दे, ये. ती जात नाही. माझी पोर आहे, हट्टी —

रडतेय. हमसून. जेवा ना, म्हणतेय. जेवा ना हो —

एक घास घेतला तर हसेल. एकच —

नाही. घेणार नाही. रडू नको छकुले, बाबा कुठं जात नाही, बाबा इथंच, हे बघ, हात मागे घेतला, बघ ना, बोटाला खीर कशी लागली, मी