माझे दोन्ही हात ठरावाच्या बाजूने मोजले गेल्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, इगतपुरी,
जिल्हा नाशिक.

अर्जदार : नवनाथ सहादू खातळे, वय ३६, धंदा भात गिरणीत मजुरी (घोटी), राहणार मौजे उंबरवहाळ.

विषय : जुन्या बालवाडीच्या खोलीबाबत मी 'नाही' म्हटले असता ते 'होय' असे नोंदले गेल्याने सदर नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : ग्रामसभा दि. १ मे २०२५, आयत्या वेळचे विषय, ठराव क्र. ११.

माननीय महोदय,

आपणांस विनयपूर्वक कळवितो की, मी जन्मापासून बहिरा आहे. मराठी भाषा मी कधी ऐकलेली नाही. ती मला सर्वच्या सर्व छापील मिळालेली आहे : सातवीपर्यंतची पुस्तके, वाण्याच्या पुडीचे कागद, पंचायतीच्या फळ्यावरील सूचना व वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा. त्यामुळे माणसे घरात कोणते शब्द वापरतात व कचेरीत कोणते, हा भेद मला नीटसा कळत नाही. एखादा शब्द जागा चुकून बसला असल्यास तो उर्मटपणा समजू नये.

१. दि. १ मे रोजी आमच्या गावची ग्रामसभा मारुती मंदिरासमोर भरली. विषयपत्रिका संपल्यानंतर आयत्या वेळचे विषय निघाले. त्यात जुन्या बालवाडीची खोली रिकामी करून तेथे ग्रामपंचायतीचा नवीन ध्वनिक्षेपक संच व खुर्च्या ठेवाव्यात, असा ठराव मांडण्यात आला. सदरहू खोलीत गेली दोन वर्षे दर रविवारी मी आमच्या गावातील व शेजारच्या वाड्यांतील बहिऱ्या मुलांना सांकेतिक भाषा शिकवितो. त्यास मागील सरपंचांची तोंडी परवानगी होती. माझ्यासारख्यास तोंडी परवानगी कशी मिळाली, असा प्रश्न निघेल, म्हणून खुलासा करतो की माझी पुतणी चैताली मध्ये उभी राहून दोन्हीकडचे सांगत होती. तिला आमची भाषा येते.

२. महोदय, ऐकणारी माणसे गर्दीत आपले म्हणणे पोहोचावे म्हणून आवाज चढवितात. आम्ही हात चढवितो. छातीसमोर केलेली खूण पुढच्या दोन माणसांनाच दिसते. सभेस सांगावयाचे झाल्यास हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. आमच्यात ओरडणे ते हेच.

ठराव काय आहे हे चैतालीच्या हातांवरून मला कळताच मी उभा राहिलो. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, शेवटच्या रांगेस दिसावे अशा बेताने, 'नाही, ही खोली मुलांची आहे, नाही' असे मी म्हणू लागलो. त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून 'मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत' असे सांगण्यात आले होते. ते मला मागाहून समजले.

हात मोजण्याचे काम ग्रामपंचायतीचे शिपाई धोंडीराम यांच्याकडे होते. ते माझ्यापाशी आले, थांबले व म्हणाले (चैतालीच्या जबाबानुसार) : "ह्या मुक्याचे तं दोन्ही हात वर हायेत. लय राजी दिसतोय गडी." सभा हसली. हसणे मला दिसते, ते कशाबद्दल आहे हे दिसत नाही. मला वाटले की माझे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचले नाही, म्हणून मी हात आणखी उंच केले. चैताली उठून म्हणाली, "काका नाही म्हणतायत." तिला अध्यक्षांच्या खुर्चीवरून विचारण्यात आले, "तू मतदार हाये का?" ती सतरा वर्षांची आहे. "मग बस खाली. मोठ्या माणसाचं मत मोठ्या माणसाला देऊ दे." असे माझे मत मला देऊ देण्यात आले.

तद्नंतर विरुद्ध हात मोजले गेले. तेव्हा मी खाली बसलो होतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे माझे बोलून झाले होते व मला दम लागला होता.

३. बाजूने एकतीस हात, विरुद्ध एकोणतीस. ठराव दोन हातांनी मंजूर झाला. ते दोन्ही हात माझे आहेत.

३-अ. वर लिहावयाचे राहिले ते असे की, मी इतिवृत्ताची प्रत मागून घेतली. त्यात पुढील वाक्य आहे : 'श्री. नवनाथ सहादू खातळे (मुका) यांनी उभे राहून व दोन्ही हात वर करून हर्षभरित अनुमोदन दिले.' म्हणजे केवळ मत नव्हे, मी त्या ठरावाचा अनुमोदकही आहे. सदर वाक्य मी किती वेळा वाचले हे लिहीत नाही. हर्षभरित हा शब्द मला पूर्वी माहीत नव्हता. तो चैतालीने समजावून दिला व तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हा अर्जसुद्धा गिरणीच्या ओट्यावर उभ्याने लिहीत आहे. अक्षर हलले आहे त्यास कारण एवढेच.

४. मी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामपंचायत अधिकारी साहेबांस (ज्यांस आपण पूर्वी ग्रामसेवक म्हणत असू) लेखी विचारले की, एका मतदाराचे दोन हात कसे मोजले ? ते गृहस्थ स्वभावाने चांगले आहेत. त्यांनी मला बसावयास सांगितले, पाणी दिले व कागदावर लिहिले : 'हात मोजले. माणसे मोजली नाहीत.' मग त्यांनी सभेचे छायाचित्र दाखविले, जे गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वत्र गेलेले आहे. त्यात मी उभा आहे व माझे दोन्ही हात आकाशाकडे आहेत. तोंड उघडे आहे. न सांगता पाहणाऱ्यास तो खरोखर हर्षच वाटेल, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. परंतु छायाचित्रात माझे हात थांबलेले आहेत. आमच्या भाषेत अर्थ हात हलण्यात असतो. बोलणाऱ्या माणसाचे उघडे तोंड छायाचित्रात धरून, हा गृहस्थ होय म्हणत आहे, असे कोणी सिद्ध करील काय ?

५. आपण म्हणाल, एका खोलीसाठी इतका खटाटोप कशास. त्यासाठी थोडे मागचे लिहिणे भाग आहे.

आमच्या घरात स्टीलचा एक पेला होता. त्यावर 'नवनाथ' अशी अक्षरे कोरलेली होती. माझ्या बारशास तो आत्याने दिला होता. पेल्याचे नाव नवनाथ आहे असे मी समजत असे. मलाही नाव असते हे मला ठाऊक नव्हते, कारण मला कोणी हाक मारून उपयोग नव्हता. आई खांद्यावर हात ठेवी, बाप खडा मारी. जेवण, अंघोळ, मार व बैल, एवढ्याच खुणा आमच्या घरात होत्या. त्यांत माझा दिवस भागे. पुढे मला नाशिकच्या निवासी शाळेत घातले. पहिल्या दिवशी बाईंनी पाटीवर तीच अक्षरे लिहून माझ्या छातीवर बोट ठेवले. मी ट्रंकेतून पेला काढून आणून त्यांना दिला.

बाई मायाळू होत्या. त्या आमचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून 'प' म्हणत व आमच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरीत. पट्टी हलली की 'प' झाला. वर्गात हात मांडीखाली ठेवावेत असा नियम होता. हात मोकळे राहिले तर मुले बोलावयास शिकणार नाहीत, असे त्या काळी मोठ्या लोकांचे मत होते. दोन वर्षांनी माझे 'पाणी' बाईंना समजू लागले. सुटीत घरी आलो व आईस पाणी मागितले. आईने मला छातीशी धरले व ती रडली, परंतु पाणी दिले नाही. तिला ते समजले नव्हते. तिला फक्त मी तोंडाने काहीतरी केले एवढेच समजले.

भाषा मला मिळाली ती वसतिगृहात, न्हाणीघराच्या रांगेत. तेथे कोणी हात मांडीखाली ठेवावयास सांगत नसे. येवल्याचा धवल नावाचा मोठा मुलगा होता. त्याचे वडील पैठणी विणीत व तो येवला म्हणावयाचे झाल्यास मागावरचा धोटा इकडून तिकडे फेकल्यासारखे करी. साबण लागलेल्या हातांनी तो आम्हांस गोष्टी सांगे. काल काय झाले, उद्या काय होईल, कोण लबाड, कोण भित्रा. काल नावाची वस्तू असते हे मला धवलकडून समजले. माझ्या भुवईत विळा लागल्याची खाच आहे. त्याने त्या जागी दोन बोटे टेकविली व ते माझे नाव ठरविले. आजही आमच्या लोकांत मला त्याच नावाने ओळखतात. त्या दिवसापर्यंत मी अपुरा ऐकणारा होतो, त्या दिवसापासून पुरा बहिरा झालो. यास मी दुःख समजत नाही.

याच कारणास्तव इतिवृत्तातील 'मुका' या शब्दास माझी हरकत आहे. ज्याला भाषा नाही तो मुका. मला दोन आहेत, एक हातांची व एक छापील.

६. आमच्या गावात भागीबाई या वृद्ध बाई आहेत. त्यांची नात सृष्टी ही सहा वर्षांची व बहिरी आहे. आईबाप वीटभट्टीवर जातात, म्हणून ती आजीकडे असते. दोन वर्षांपूर्वी ती खोलीत आली तेव्हा तिच्यापाशी रडणे व चावणे, इतकेच होते. भागीबाई दर रविवारी तिच्यासोबत बसून स्वतःही हात चालवितात. त्यांची बोटे संधिवाताने वाकडी असल्याने त्यांचे उच्चार थोडे तोतरे होतात, पण समजतात.

एके दिवशी सृष्टीने आजीस सांगितले की, दूध मांजर प्यायले. वस्तुतः दूध तिने स्वतः प्यायले होते व तिच्या ओठावर साय होती. भागीबाई त्या आनंदात चैतालीला सोबत घेऊन माझ्या दारी आल्या व म्हणाल्या, "पोरगी लबाड बोलली रं नवनाथा. लबाड का व्हईना, बोलली." गावात लबाडी ऐकून इतके हर्षभरित झालेले माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. इतिवृत्तात तो शब्द वापरावयाचाच झाल्यास तेथे वापरावा.

१ मे च्या सभेत भागीबाईंनी विरुद्ध हात वर केला होता. सृष्टी त्यांच्या मांडीवर बसून सर्व पाहत होती.

७. आता अडचण अशी आहे. ग्रामपंचायतीकडून मला कळविण्यात आले आहे की, मंजूर ठरावाबाबत हरकत असल्यास ती १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडावी व सभा हात वर करून निर्णय घेईल. म्हणजे हरकत मांडण्यासाठी मी हात वर केले तर ते पुन्हा अनुमोदन ठरेल, आणि हात खाली ठेवले तर हरकत नाही असे ठरेल. मी या गोष्टीचा गिरणीत पोती लावताना, सायकलवर व जेवताना विचार केला. हात कोठे ठेवले असता माझे नाही हे नाही समजले जाईल, अशी जागा मला शरीरावर सापडलेली नाही. आपणांस सापडल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

८. ध्वनिक्षेपकाविषयी माझ्या मनात किंतु नाही. तो त्याच खोलीत, मुलांच्या बाजूला ठेवावा. आम्हांस त्याचा त्रास नाही व त्यास आमचा नाही. खुर्च्यांचे म्हणाल तर मुले त्यांवर बसतील. मात्र खोलीची किल्ली रविवारी आमच्याकडे असावी. मुलांना एकमेकांचे हात दिसतील अशी, उजेडाची व वाऱ्या-पावसात न भिजणारी दुसरी मोकळी जागा गावात नाही.

सबब विनंती की, ठराव क्र. ११ ची अंमलबजावणी थांबवावी. माझे दोन हात बाजूच्या संख्येतून वजा करावेत व माझे एक मत विरुद्ध धरावे. पुढील सभेस आमची भाषा जाणणारा दुभाषी द्यावा. तो न मिळाल्यास चैतालीस वयाची अट शिथिल करून उभे राहू द्यावे. ती मत देणार नाही, फक्त माझे पोहोचवील.

९. अर्ज येथेच संपविणार होतो. परंतु काल रविवारी खोलीस नवीन कुलूप दिसले. मुले ओट्यावर बसली व वर्ग तेथेच घेतला. वर्ग सुरू होण्याआधी सृष्टीने मला विचारले, 'खोली तू दिलीस ?' गावात सर्वजण तसेच म्हणतात व तिने शाळेच्या पोरांच्या भ्रमणध्वनीवर ते छायाचित्र पाहिले आहे. मी म्हटले, 'नाही. मी नाही म्हटले होते.' ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग धोंडीराम करतात तसे बोट पुढे करून तिने माझे हात मोजले. एक, दोन.

ती लबाडी ओळखावयास शिकली आहे, व तिला मी लबाड वाटलो. मी उर्वरित वर्ग हात फार वर न नेता घेतला, त्यामुळे मागे बसलेल्या मुलांना काही समजले नाही.

तरी महोदय, ठरावाचा निर्णय होण्यास वेळ लागत असल्यास तो लागू द्यावा, परंतु दि. १ मे रोजी नवनाथ खातळे 'नाही' म्हणाला होता, एवढे एक वाक्य आपल्या सही-शिक्क्यानिशी मला आधी मिळावे. सृष्टीस अजून वाचता येत नाही. आपला कागद मांडीवर ठेवून मी तो तिला सांगेन, आणि आपण काय लिहिले आहे ते तिला माझ्या हातांवरून कळेल.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
नवनाथ सहादू खातळे

स्थळ : घोटी
दिनांक : ९ जून २०२५

सोबत :
१) ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत.
२) चैताली खातळे हिचा जबाब.
३) भागीबाई यांचा जबाब, डाव्या अंगठ्याच्या ठशासह.
४) सभेचे छायाचित्र. हे पुरावा म्हणून धरू नये, केवळ मी कोणता ते ओळखता यावे म्हणून जोडले आहे.