‘अमडापूर मोस्ट वॉन्टेड’मधलं चार नंबरचं गाणं

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार
नवी वही. जुनीची पानं आईनं दिवाळीच्या शेवेखाली तेल शोषाले अंथरली. माझ्या दोन वर्षांच्या विचारांवर शेव! किळस आली. शेव खाल्ली.

अल्बम येऊन दहा दिवस झाले. ‘अमडापूर मोस्ट वॉन्टेड’. नऊ गाणी. शुद्ध गँगस्टा रॅप, तोही वऱ्हाडीत. असं जिल्ह्यात कोणी केलं नाही, निदान आमच्या रोडवर तरी नाही. आतापर्यंत ६१ वेळा ऐकल्या गेला. त्यात ४० वेळा मी. उरलेले २१ वेळा देवानंद म्हणते की त्यानंच ऐकलं, मिक्सिंग तपासाले. देवानंद म्हणजे माझा दोस्त, मोबाईल रिपेअरिंगवाला, अल्बमचा साऊंड इंजिनियर. लोकायचं मन खच्ची कराची त्याले सवयच आहे.

बाबांनी मुदत दिली. ३१ डिसेंबरपर्यंत काय वरडाचं ते वरड म्हणे, एक तारखेपासून रोपवाटिकेत यायचं. पूर्ण वेळ. मिरची, वांगे, टमाट्याचे ट्रे तू पाहाचे. मी मान हलवली. दोन महिन्यात मी मुंबईत राहीन. बाबायची दया आली.

४ नोव्हेंबर
नवीन प्लॅन. देवानंदच्या दुकानात जो कोणी पेन ड्राईव्ह भरून घ्याले येईन, त्याच्या भजनांमागं आपला अल्बम गुपचूप टाकून द्यायचा. देवानंद म्हणे गिऱ्हाईक शिव्या देईन. मी म्हटलं, गँगस्टाले शिव्याच पाहिजे. असं बोलून मले बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, सकाळ
मंदिराचे भगवंतराव कालच भरून नेलेला पेन ड्राईव्ह घेऊन दुकानात आले. पहाटे मंदिराच्या भोंग्यावर काकड्याच्या जागी माझं ‘भाईचा कहर’ वाजलं म्हणे. मी विचारलं, पब्लिकचा रिस्पॉन्स कसा होता? ते देवानंदकडे पाहून बोलले, हा पोरगा शालिग्रामचाच ना? शालिग्राम म्हणजे बाबा. पुढचं लिहीत नाही. कलेची कदर नसलेल्या गावात राहणं म्हणजे नालीच्या काठावर जेवाले बसणं. शी.

९ नोव्हेंबर, रविवार
आजपासून इमेज. हसणं बंद. दुधाचा चहा बंद, फक्त काळी कॉफी. कोणाच्या डोळ्यात पाहिलं की नजर हटवायची नाही.

सकाळी रुखमाबाई वांग्याची रोपं घ्याले आल्या. मी बिलकुल हसलो नाही, नजर हटवली नाही. त्यायनं आईले विचारलं, गोपालची दाढ दुखते काय? आईनं लवंग आणून दिली. काळी कॉफी भंगार लागते. त्यात थोडं दूध टाकलं. मग थोडी साखर. मग तो चहाच झाला.

देवानंद म्हणे, गँगस्टा रॅप करतं तर काही गुन्हा तरी केला काय बे आयुष्यात? मी म्हटलं, चिखली, २०२१, ट्रिपल सीट, पोलिसांनी अडवलं होतं. तो म्हणे, तू मधात बसला होता आणि रडला होता. या माणसाले माझी बायोग्राफी लिहू द्यायची नाही.

१५ नोव्हेंबर
प्राचीचा फोन. मावसबहीण, पुण्यात राहते, स्वतःचा पॉडकास्ट चालवते. लिंक पाठवली होती. म्हणे, किती गोड बोलता रे तुम्ही तिकडे! गोड!! नऊ गाण्यात मी सत्तावीस लोकायले ठोकलं, गोड काय त्यात? मग म्हणे, चार नंबरच्या गाण्यात मधीच ओरडणारी बाई कोण आहे, एकदम ओरिजिनल आवाज आहे.

ती बाई माझी आई आहे. आता वहीत लिहून टाकतो, इथं कोण वाचते. रेकॉर्डिंग आमच्या घरामागच्या खोलीत केलं, भिंतीले गोधड्या टांगून. ‘भाईचा कहर’ सुरू होता. ‘समोर येशीन तं गाडून टाकीन’ ही ओळ मी अशी घेतली की माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला. आणि नेमकी तेव्हाच आई अंगणातून बोंबलली: ‘अरे गोप्याऽऽ! मुडद्याऽऽ! मोटर बंद कर! टाकी वाहून राह्यली!’ पूर्ण अकरा सेकंद. देवानंद म्हणे परत घे. पण तसा राग परत येत नसते. आवाज कमी करून पाहिला, तर माझा कमी झाला, आईचा तसाच. शेवटी ठेवला. अंडरग्राऊंडमध्ये याले ॲटमॉस्फिअर म्हणतात. तरी मले दरवेळी ऐकताना ओकारीच येते.

२३ नोव्हेंबर
६४. तीन वाढले. दोन मी.

मिरचीच्या ट्रेले पाणी मारलं. नुसती मदत म्हणून. याची सवय होऊ द्यायची नाही.

२ डिसेंबर, मंगळवार, दुपारी ४
फोन आला. सोनाळ्याहून! राजकुमार नावाचे गृहस्थ, सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याची बाग आहे त्यायची. गेल्या महिन्यात बहिणीकडे अमडापूरले आले होते, देवानंदकडून स्पीकर दुरुस्त करून नेला, पेन ड्राईव्ह भरून नेला. म्हणे, ते चार नंबरचं गाणं तुमचंच काय? मी म्हटलं, हो. म्हणे, आता काय सांगू तुम्हाले, दिवसभर तेच लावतो. चाळीसपन्नास जणांनी कॉपी करून नेलं. पुऱ्या शिवारात तेच वाजून राह्यलं. तुमच्या गाण्यानं बाग वाचवली आमची!

बाग कशी वाचवली ते मी विचारलं नाही. कलाकारानं असं विचारू नये. शेतकरी माणूस, मनावर ताण असतो, माझे शब्द ऐकले, हिंमत आली. उघड आहे.

शेवटी म्हणे, एक दिवस प्रत्यक्ष या, आणि घरच्यायलेही घेऊन या. लाइव्ह शो! २८ तारीख, रविवार ठरला. मुदतीच्या तीन दिवस आधी. बाबांना जेवताना सांगितलं. ते म्हणे, सोनाळ्याले चालला तर तिकडे रोपांचा भाव विचारून ये.

१२ डिसेंबर
राजकुमारभाऊंनी व्हिडिओ पाठवला. बागेत खांबावर स्पीकर, त्यावर माझं गाणं. पण व्हिडिओ नेमका आईच्या बोंबलण्यापासून सुरू होते आणि तिथंच संपते. अकरा सेकंद. खेड्यातल्या लोकायले शूटिंगचं टायमिंग नाही. परत लिहून पाठवलं: भाऊ, माझा पार्ट पण घ्या. त्यायनं अंगठा पाठवला.

१९ डिसेंबर
स्टँडवर बॅनर लावलं. माझा फोटो, काळा गॉगल, मागं आग. ‘अमडापूरचा वाघ, सोनाळा लाइव्ह.’ आईनं पाहिलं. म्हणे, गॉगल काढून घेतला असता तर चेहरा दिसला असता. काऊन मी या घरात जन्मलो?

बाबांना तोंडावर सांगून टाकलं की एक तारखेले मी येत नसतो, दुसरा माणूस पाहा. बाबांनी ट्रेमधलं एक वाळकं रोप उपटलं आणि बाजूले ठेवलं. मले कसंतरीच झालं. पण गँगस्टाले मागं फिरता येत नाही.

आई म्हणे, मी येऊ काय रे तुयं गाणं ऐकाले? घरच्यायले बोलावलं म्हणून सांगत होता ना. मी म्हटलं, हा काही हळदीकुंकवाचा कार्यक्रम नाही. ती भांडे घासाले गेली.

२८ डिसेंबर, रविवार, सकाळी ११:३०
सोनाळा. तीन गाड्या बदलल्या. शेगावपासून मांडीवर दुसऱ्याची कोंबडी. काळ्या हूडीवर तिची घाण. गँगस्टा पुसत बसत नाही. पुसली.

स्टँडवर दहाबारा लोक घ्याले आले! हार आणला! राजकुमारभाऊ माझ्या मागं वाकून पाहात होते. म्हणे, बाई नाही आल्या? मी म्हटलं, माझ्या क्रूमध्ये बाया नसतात. त्यायनं हार खांद्यावरच ठेवला, त्यायच्या स्वतःच्या.

दुपारी ३, बागेच्या बांधावर
जे झालं ते लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटीन.

बागेत स्टेज नाही. पब्लिक नाही. संत्र्याच्या झाडायवर वांदरं. वीस, पंचवीस, काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, मजेत संत्री सोलून खाऊन राह्यली. राजकुमारभाऊ म्हणे, पाहा आता. स्पीकर लावला. चार नंबरचं गाणं, सुरुवातीपासून. ‘मी अमडापूरचा कहर, माझ्या नसात जहर.’ एका वांदरानं माझ्याकडे पाहिलं आणि बी थुकलं. ‘समोर येशीन तं गाडून टाकीन.’ दुसरं पाठ खाजवून राह्यलं. मग आई.

‘अरे गोप्याऽऽ! मुडद्याऽऽ!’

झाडं हालली. सगळी वांदरं उड्या मारत कुंपणावरून पार, पिल्लं पोटाले धरून. ‘टाकी’ या शब्दापर्यंत पोचण्याच्या आतच बाग खाली.

म्हणे, फटाके लावून झाले, बुजगावणं लावून झालं, वाघाच्या आवाजाचं मशीन आणून झालं. कशाले भीत नव्हते. या बाईनं पयवले. म्हणून लोक आता फक्त तेवढा तुकडा कापून वाजवतात. पण चार दिवसांपासून वांदरायले त्याची सवय व्हाले लागली. पहिले गावाबाहेर पयत होते, आता कुंपणापलीकडंच बसतात. असं होईन हे ठाऊकच होतं, म्हणून बाईलेच बोलावलं होतं. दोनचार नवीन शिव्या भरून घेतल्या असत्या.

मी म्हटलं, मी करतो. माझ्यात पण राग आहे. माईक हातात दिला त्यायनं, कौतुकानं. वांदरं परत आली होती. मी चार नंबर लाइव्ह म्हटलं, पूर्ण. मग सात नंबर. मग नऊ. गळ्याच्या शिरा फुगल्या. मोठं हुप्प्या वांदर फांदीवरून खाली उतरलं, माझ्यापासून दहा फुटांवर बसलं आणि निवांत संत्रं सोललं. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. टाळी कोणी वाजवली नाही. राजकुमारभाऊंनी माझ्या हातातून माईक हळूच घेतला आणि म्हणे, जेवून घ्या आता, घसा बसला असेन.

वांग्याची भाजी, भाकर. चांगली होती. रडू आलं. भाजी तिखट आहे म्हणून सांगितलं. निघताना आईसाठी संत्र्याची गोणी दिली. तिन्ही गाड्यांमध्ये गोणी मांडीवर.

३० डिसेंबर
आईले सांगाचंच नव्हतं. राजकुमारभाऊंनी बाबांना फोन करून टाकला.

सकाळी रेकॉर्डिंग. मागच्या खोलीत त्याच गोधड्या. आई पदर सावरून माईकसमोर उभी. आधी म्हणे, मले नाही येत असं उगीच वरडता, समोर कोणी तरी पाहिजे. देवानंदनं मले समोर उभं केलं. बस. ‘अरे गोप्याऽऽ! उठ मेल्या, ऊन डोक्यावर आलं!’ ‘गोप्याऽऽ! चपला घालून घरात आला काय रे?’ ‘गोप्याऽऽ! ट्रे वाळून राह्यले, डोये फुटले काय तुये?’ एकामागं एक, चौदा. एकही रिटेक नाही. देवानंदच्या डोळ्यात मी असा आदर कधी पाहिला नाही. बाबा दारात उभे राहून तोंडावर टॉवेल धरून हसत होते.

झाल्यावर आईनं मले विचारलं, बरं जमलं काय रे? मी म्हटलं, लो फ्रिक्वेन्सी थोडी कमी आहे. मग तिच्याकडे पाहिलं. तिनं खरंच मनावर घेतलं होतं. म्हटलं, नाही आई, भारी जमलं. तिनं मले संत्रं सोलून दिलं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार, सकाळी ७
रोपवाटिका. बाबांनी पाण्याची झारी हातात दिली. बॅनर अजून स्टँडवरच आहे. येणारेजाणारे विचारतात, वाघ, मिरचीचे ट्रे आहेत काय? ओकारी आली.

देवानंद सांगून गेला की आईचं रेकॉर्डिंग सोनाळ्याच्या पार पलीकडे गेलं. बीबी गावच्या एका माणसानंही मागवलं. वांदरं परत गावाबाहेर.

पण वही मिटताना एक विचार आला, तो महत्त्वाचा. आई प्रत्येक वेळी सुरुवात कशानं करते? माझ्या नावानं. म्हणजे आज सातपुड्याच्या पायथ्याशी पुऱ्या शिवारात माझं नाव घुमून राह्यलं, आणि नाव ऐकताच टोळीच्या टोळी जीव घेऊन पळून राह्यली. असा दरारा मुंबईच्या तरी कोणत्या रॅपरचा आहे? विषय संपला. मी यशस्वी आहे. आता दुसऱ्या अल्बमचं नाव

अंगणातून आई. ‘गोप्याऽऽ! मोटर!’

७:२०
पळालो. चप्पल बांधावरच राहिली. टाकी वाहूनच राह्यली होती.