आधी पळायची वाट

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा हेल्मेट काढून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा आवाज कसा आहे? (खणखणीतच असेल, मागच्या वेळी त्यांनी फोन आपटल्यावरही ऐकू येत होता.)

छापखाना सोडला. त्याआधीची बेकरीही सोडली होती, ते सांगायचं राहिलं. सध्या मी झाडं छाटणाऱ्या एका उस्तादांकडे आहे. त्यांच्याकडे इंजिनावर चालणारी चेनसॉ आहे, पण पहिले बारा दिवस त्यांनी मला ती बंदच दिली. हेल्मेट, तोंडापुढे जाळी, कानांवर झाकणं, जाड विजार, बूट असा सगळा जामानिमा करून बंद मशीन उचलायचं आणि अंगणभर चालायचं. समोरच्या गॅलरीतल्या आजी रोज विचारायच्या, "पेट्रोल संपलं का रे बाळा?" (कानांवर झाकणं असली तरी नेमकं हेच ऐकू येतं.)

तेराव्या दिवशी ओंडका मिळाला. दोन्ही टोकं विटांवर, मध्ये पोकळी. मी वरून कापत निघालो. कापता कापता प्रश्न पडला, की झाडाचं वय काढायला आतली वर्तुळं मोजतात, त्यात साल धरतात की नाही? तेवढ्यात ओंडका मध्येच खचला आणि त्याने मशीनची पट्टी गच्च चावली. मी ओढायला लागलो. उस्तादांनी इंजिन बंद करायला लावलं, पाचर ठोकून मशीन सोडवलं आणि म्हणाले, "असा ओंडका वरून थोडा, मग खालून. आणि डोकं कुठे होतं तुझं?" मी वर्तुळांचं सांगितलं. "उद्यापासून फांद्या ओढायच्या. मशीन विसर." मावशी, एखादं काम हातचं जाऊ नये असं मला प्रथमच वाटलं. (एरवी मीच सोडतो, त्यामुळे सवय नाही.)

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याच्या आवारात मोठी फांदी उतरवायची होती. कापण्याआधी उस्ताद प्रत्येकाला विचारतात, "भलतीकडे आली तर पळणार कुठे?" त्यांचा जुना जोडीदार म्हणाला, "बघू की तेव्हा." मी मात्र मागे तिरकी वाट हेरून ठेवली होती, त्यातली कुंडी हलवली होती, दोर गुंडाळला होता आणि फाटकाची कडीही काढून ठेवली होती. उस्ताद बघतच राहिले. "हे कुठे शिकलास?" म्हटलं, "घरी." (पाहुण्यांसमोर तू मला पाढे म्हणायला उभं करायचीस, तेव्हापासून.) फांदी खरंच गिरकी घेऊन आली. मी फाटकाबाहेर, जोडीदार कुंपणाच्या झुडपात.

संध्याकाळी मशीन परत मिळालं. "खांद्याच्या वर न्यायचं नाही, टोकाने कापायचं नाही, उसळतं. शिडीवर तर नाहीच. आणि डोक्यात प्रश्न आला की इंजिन बंद." पहिल्या दिवशी मी ते एकतीस वेळा बंद केलं.

तुझा,
टिकू पाहणारा भाचा

ता. क. एक झाड सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हातून नीट झालं, तर उस्ताद मला कायम ठेवणार आहेत. पण माझ्या हाती झाड द्यायला कुणी तयार नाही. तुझ्या मागच्या अंगणातलं ते वाळलेलं मिळेल का? उस्ताद शेजारी उभे राहतील.

ता. क. २ काकांना फक्त "माळी येणार आहे" एवढंच सांग.

ता. क. ३ पाकिटावर तिकीट नाही, कारण ते मीच दाराखालून सरकवलंय. उस्तादांनी झाड पाहिलं, त्यांचा होकार आहे. आता तुझा तेवढा हवा. घाई नाही, सावकाश विचार कर. काकांची स्कूटर मी झाडाखालून काढून ठेवली आहे.