रोझेरच्या ताटातलं प्रोटीन

३ डिसेंबर
प्रोटीन! तासभर ताटकळत ठेवून डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, तर रोझेरच्या मेंदूतल्या पेशींत प्रोटीन साचतंय. त्याच्या गुठळ्या होतात, पेशी मरतात. म्हणून त्याचा हात थरथरतो, सोफ्यावर नसलेली मुलं दिसतात.
"का साचतं?"
"अजून नक्की ठाऊक नाही, मादाम."
मग इतकी वर्षं शिकलात काय?

४ डिसेंबर
लग्न झाल्यापासून दर शनिवारी रोझेरला डुकराच्या चरबीत शिजवलेला पांढरा राजमा घातला. मीच साचवलं की काय? आजपासून बंद. मांस, अंडी, चीज – सगळं!

९ डिसेंबर
शलगमचं सूप, ब्रेड, मेपलचा पाक. रोझेर कुरकुरला, "ईस्टरआधीचे लेंटचे उपास आत्ताच लागले का गं?" जरा सुधारलाय. की मलाच वाटतंय?

१५ डिसेंबर
सुधारला कसला! खुर्चीतून उठताना कोसळला. उचलायला गेले तर म्हणतो, "हात लावू नका, बाई. माझ्या बायकोला, क्लेमांसला बोलवा."
"मग मी कोण?"
"दिसता तिच्यासारख्या. पण ती मला उपाशी ठेवत नसे."

१६ डिसेंबर
लेक गिसलेन आली. फ्रिज उघडून उभीच राहिली. "आई, बाबांना घालतेस काय?" सांगितलं. आधी हसली, मग रडली. "अगं, ते प्रोटीन ताटातून मेंदूत जात नाही. पेशी स्वतःच बनवतात, सगळ्यांच्याच. बाबांचं बिघडलंय, एवढंच. तू त्यांना नुसतं अशक्त केलंस!"
हे डॉक्टरीणबाईंनी सांगायचं नव्हतं का? की सांगितलं होतं? नन्सच्या शाळेत सगळ्यांत आधी हात वर करणारी मी!

२० डिसेंबर
आता सगळं शिजवते, तर खात नाही. माझ्या हातचं विष म्हणे! घरी येणारी नर्स म्हणाली, असंच चाललं तर हॉस्पिटल, आणि तिथून तो घरी परत येईलच असं नाही.
मला ओळखत नाही तेही त्या गुठळ्यांमुळेच, म्हणतात. की मी उपाशी ठेवलं म्हणून? कोण सांगणार?

२३ डिसेंबर
लग्नातली अंगठी त्याच्या नाकासमोर धरली. "मीच ती!" म्हणून ओरडले.
"कुठून चोरलीत?"

२४ डिसेंबर
नाताळची तूर्तिएर केली, कणकेच्या पारीत भरपूर मांस भरून भाजलेली. ताट पुढे ठेवलं आणि म्हटलं, "क्लेमांसनं पाठवलंय. ती बहिणीकडे अडकलीय."
सगळं खाल्लं. पुसल्यासारखी चाटून बशी स्वच्छ केली.
म्हणजे आता क्लेमांसनं घरी यायचं नाही.