ओढ्याच्या मुखाशी कच्चा बर्फ

ॲशलंड, विस्कॉन्सिन
२० मार्च

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम. तुझं काय ते कळव.

इथली नदी मोकळी झाली आणि ट्राउट मासे वर चढायला लागले. काल मी दोन धरले. शेजारी एक दाढीवाला सकाळपासून कमरेइतक्या पाण्यात उभा होता, त्याला शेपूटही दिसलं नाही. बिचाऱ्याचं तोंड बघवेना.

पण जीव तुझ्याकडे लागलाय. तुमच्या गावच्या आमिषाच्या दुकानातली मार्था फोनवर सांगत होती, की तुमच्या तलावात ओढ्याच्या मुखाशी बर्फ पार कुजून ठिसूळ झालाय आणि सगळ्यांनी बर्फावरच्या मासेमारीच्या खोपट्या ओढून आणल्या. तुझी तेवढी अजून तिथंच. बाबा रे, आई-वडील गेले, आता आपण दोघंच उरलोय. खोपटी काठावर आण.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू आण.
तुझी लेम्पीताई

स्प्रूस लेक, मिशिगन
२३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, ती आवई मीच उठवली! ओढ्याच्या मुखाशी असले जाडजूड पर्च मासे लागतायत की विचारू नकोस. कळलं असतं तर अख्खा गाव गिरमिटं घेऊन बर्फात भोकं पाडायला आला असता. म्हणून दुकानात जाऊन, चेहरा पाडून सांगितलं, की तिथं पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दुपारपर्यंत मैदान साफ. शेजारचा आर्वो मात्र माझ्या कोरड्या बुटांकडे बघत राहिला. बघू दे मेल्याला.

लोभ असावा, काळजी नसावी.
तुझा रेनो

स्प्रूस लेक
२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. हसायचं नाही.

तो बर्फ खरंच कुजला. गावात सगळे सावध होते. सावध नव्हतो तो एकटा मीच, कारण थाप माझीच होती ना! परवा खोपटीबाहेर पाऊल टाकलं आणि छातीपर्यंत आत गेलो. ओरडलो, पण ऐकायला होतं कोण? सगळ्यांना मीच पिटाळलेलं. ताई, फार घाबरलो गं.

तेवढ्यात काठच्या लव्हाळ्यातून आर्वो निघाला. माझ्या थापेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आठवडाभर दुर्बीण लावून मी काय काढतो ते बघत होता. पोटावर सरपटत आला, दोर फेकला, मला ओढून काढलं आणि घरी नेऊन सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत कोंबलं. मासे कशावर लागतात, हे एका शब्दानं विचारलं नाही. तेच मनाला लागलं. मग मी आपण होऊन बाबांची दक्षिण काठची मासे धरायची गुप्त जागा सांगितली, जी तुलासुद्धा कधी सांगितली नाही. तो शांतपणे म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. आता तिथं जायची तसदी घेत नाही."

मी अगदी ठणठणीत आहे. राग नसावा.
तुझा रेनो

ॲशलंड
१ एप्रिल

चि. रेनोस,
आशीर्वाद आज राहू देत.

पत्र वाचून हसू आलं नाही. आर्वोचं काही चुकलं नाही, तुझ्या शब्दावर मीही विसंबत नाही. ठणठणीत आहे म्हणून लिहितोस. उद्याच्या बसनं येतेय. हात लावून बघेन, मग विश्वास ठेवीन.

लेम्पीताई