चोवीस बाह्या, आठ गोळ्या

२ मार्च, दुपार
फुप्फुसाला सूज आहे म्हणे. डॉक्टरीणबाईंनी स्टिरॉइड दिलं. रोज सकाळी आठ गोळ्या, पोटभर खाऊन. पुढे त्या सांगतील तशा कमी करायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. वर म्हणाल्या, आजी, या गोळ्यांनी मूड वरखाली होतो, झोप उडते, माणूस चिडचिडं होतं, काही वेगळं वाटलं तर लिहून ठेवा. मी म्हटलं, बाई, मी मुळातच चिडकी आहे, गोळीला काम उरायचं नाही.
म्हणून ही वही. जुनी मापांची आहे, निम्मी कोरी. पुढच्या पानांवर लोकांच्या छात्या आणि कंबरा, मागच्या पानांवर मी. डॉक्टरीणबाईंना फक्त गोळ्यांचा आकडा सांगणार. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर दुसऱ्या कोणी वाचायचं नाही. वाचेल त्याचं बोट सुईखाली.

३ मार्च
आठ गोळ्या. काही वाटलं नाही.
संध्याकाळी चिरंजीवांनी विषय काढला. आई, तीन वर्षांत तू शिलाई मशीनला हात लावला नाहीस, ते नुसतं खोली अडवून बसलंय, भंगारवाल्याला देऊन तिथे व्यायामाची सायकल ठेवतो. मी विचारलं, ती सायकल कुठे जाते? म्हणाला, कुठेच नाही, जागच्या जागी चालवायची. वा. पाय मारायचे, घाम गाळायचा आणि भिंतीकडे बघत बसायचं. माझ्या मशीनला तेवढेच पाय मारले तर निदान एक झबलं तरी निघतं.
सून मध्ये पडली. ती पोस्टात खिडकीवर बसते, त्यामुळे दोन बाजूंच्या मध्ये बसायची तिला सवय आहे. ठरलं असं: महिनाअखेरपर्यंत मी एक तरी अख्खा कपडा शिवून दाखवायचा. दाखवला तर मशीन हलणार नाही. नाही तर सायकल.
एक कपडा. मला हसूच आलं.

४ मार्च, पहाटे साडेचार
जाग आली. झोपलेच नव्हते, त्यामुळे जाग आली असं म्हणता येत नाही. मशीनला तेल घातलं. बटणं रंगाप्रमाणे लावली. मग भोकांप्रमाणे लावली. मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. सुनेने सकाळी चहात मीठ घातलं. डबा उघडून बघायची पद्धत नाही या पिढीत.
गोळीचा माझ्यावर काही परिणाम नाही. काही माणसांची काठीच चिवट असते.

५ मार्च
आठ गोळ्या, चार अंडी, सहा पाव, तीन केळी. पोटभर खाऊनच घ्यायला सांगितलंय.
बँडमास्तर आले. जुनं गिऱ्हाईक. त्यांचा कोट पोटावर सैल करून हवा होता. मी विचारलं, बँडमधल्या बाकी अकरा जणांचं काय? म्हणाले, त्यांचेही विटलेत, पण चालवून घेतो. मी म्हटलं, चालवून घ्यायचं नाही. बारा नवे कोट. अठ्ठावीस तारखेला तुमचा बागेत कार्यक्रम ना, सत्तावीसला हातात. ते म्हणाले, टेलरीणबाई, मी फक्त पोटासाठी आलो होतो. मग मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाऊण तास बोलले. शेवटी हो म्हणाले. जाताना टोपी इथेच विसरले, इतके भारावले होते.
लाल कापडाचा अख्खा तागा त्यांच्याकडे पडूनच आहे. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने मंद. गिरणी बंद पडली, तसा रंग आता मिळायचा नाही. म्हणाले, जपून. मी म्हटलं, मास्तर, कात्री धरून मला पन्नास वर्षं झाली. सुनेला नंतर साठ सांगितलं.
एक कपडा मागत होते ना? बारा घ्या.

६ मार्च
अख्ख्या बँडची मापं एका तासात घेतली. बाराही जण जिन्यात रांगेने उभे. मोठा भोंगा वाजवणाऱ्याला श्वास सोडा म्हटलं तर तो सोडतच बसला. माप पुरेना. दोन टेपा जोडल्या.
संकल्प: १) बारा कोट. २) मग शिलाईचा क्लास. ३) बस थांब्यावर बाक हवा, त्यासाठी वरपर्यंत पत्र. ४) पोहायला शिकणे. ५) सुनेशी गोड बोलणे. पाचव्याला वेळ मिळेल तसा.

७ मार्च
पाठी आणि छात्या कापून झाल्या. रीतीप्रमाणे कापड दुमडून, एकेका कोटाच्या. एका दिवसात बारा. चिरंजीव म्हणाला, आई, जरा बस. मी म्हटलं, तू बसतोसच की आपल्या दोघांच्या वाटचं.

८ मार्च, पहाटे चार
बाह्या. चोवीस. आणि मला एकदम सुचलं. दर वेळी कापड दुमडत बसायचं कशाला? सहा-सहा थर एकावर एक घातले, सगळ्यांची चकचकीत बाजू वर, शिस्तीत, पलटणीसारखे. एकच खडू, एकच रेघ, कचाकच. चार फेऱ्यांत चोवीस बाह्या. पन्नास वर्षं हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.
कापत असताना सून दारात येऊन उभी. केस विस्कटलेले, डोळे अर्धे. विचारते, आई, सगळं कापड एकाच तोंडाने का हो घातलंत? लग्नाआधी हिने दोन महिने शिलाईचा क्लास केला होता, त्यात पिशवी शिवली. मी म्हटलं, तू तिकिटं चिकटव. ती झोपायला गेली.

९ मार्च
आजपासून सहा गोळ्या.
आरशात पाहिलं. चेहरा गोल झालाय. चिरंजीव म्हणाला सुजलाय. मी म्हटलं भरलाय. कामाचं तेज आहे. हात थोडे थरथरतात, तेही घाईचे आहेत म्हणून. माझं डोकं पुढे जातं, हात मागून धावतात.

११ मार्च
रेडिओवर हवामान सांगत होते. उद्या हवा कोरडी राहील म्हणाले आणि मला रडू आलं. दहा मिनिटं. नवरा गेला तेव्हाही मी आधी गॅस बंद केला, मग रडले. पण कोरडी हवा म्हणजे... आता आठवत नाही, तेव्हा फार पटलं होतं.
कांदा चिरत होते, असं सुनेला सांगितलं. तिने कांदा कुठे आहे विचारलं. फार चौकस आहे.

१२ मार्च
सुनेला बोलले. ती दार उघडं टाकते, पंखा चालू टाकते, भाजीत पाणी जास्त टाकते, तोंडातून शब्द मात्र टाकत नाही. वीस मिनिटं बोलले. मग मला ती एकदम फार चांगली वाटली आणि मी तिला मिठी मारली. बोलण्याला ती घाबरली नव्हती. मिठीला घाबरली. चिरंजीवाला हळूच म्हणाली, डॉक्टरांना फोन करू या का.
केला त्यांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे सगळं गोळ्यांचं आहे, डोस उतरला की निवळेल, फारच बिनसलं तर लगेच आणा. सगळं गोळ्यांचं म्हणे. मिठी माझी होती.

१५ मार्च
चार गोळ्या. सात कोटांच्या पाठी-छात्या जोडल्या. अस्तरं लागली. कॉलरी कापायच्या आहेत. बाह्या सगळ्यात शेवटी, कारण त्या तयारच आहेत, नुसत्या चढवायच्या.
बाकाच्या पत्राचं उत्तर नाही. पत्र टाकायला सुनेकडे दिलं होतं. ती म्हणते चौदा पानांचं पाकीट फुगलंय. मग? सरकारला वाचायला काय झालं?

१८ मार्च
सायकल आली. खोक्यात आहे, खोकं बोळात. येता-जाता गुडघ्याला लागतं. चिरंजीव म्हणाला, ऑफर होती म्हणून आत्ताच घेतली, तुझ्यावर दबाव नाही. खोक्यावर एक हसणारा माणूस आहे. मी त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

२० मार्च
दोन गोळ्या.
मशीन जड चालतंय. तेल घातलं. तरी जड. चिरंजीवाने पाय मारून पाहिला, म्हणाला, हलकं आहे आई. त्याला काय कळतं.
दुपारी टेकले, संध्याकाळीच उठले. अंगातलं बळ कोणी काढून घेतल्यासारखं. कोणी म्हणजे कोण, ते लिहीत नाही.

२३ मार्च
बाराही कोट उभे राहिले, बाह्यांविना. पहिल्या कोटाला डावी बाही चढवली. झकास बसली. उजवी घेतली. बसेना. कोपर पुढे येतंय. दुसरी घेतली. तेच. तिसरी.
चोवीसच्या चोवीस पलंगावर मांडल्या.
सगळ्या डाव्या.
दुमडलेल्या कापडातून एक डावी, एक उजवी निघते. एकाच तोंडाने थर घातले की सगळ्या एकाच हाताच्या. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पिशवी शिवायच्या आधी.
बारा उलट करून उजव्या करता येतील, पण मग चकचकीत बाजू आत आणि मंद बाजू बाहेर. तागा संपला. कॉलरीपुरता तुकडा उरलाय. चार दिवस आहेत.
बाह्या गादीखाली ठेवल्या.

२४ मार्च
उपाय काढला. बँडमास्तरांना सांगून बँडमध्ये उजवा हात मागे ठेवून वाजवायची पद्धत आणावी. झांजवाल्याचं अवघड जाईल.

२५ मार्च
एक गोळी. डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. छाती मोकळी झालीय म्हणाल्या. मी म्हटलं, दोन दिवसांपुरत्या परत आठ द्या. म्हणाल्या, कशाला? म्हटलं, बाह्या आहेत. त्या म्हणाल्या, आजी, या गोळ्या फुप्फुसासाठी आहेत, बाह्यांसाठी नाहीत.
मग सावकाश समजावलं. पहाटे चारचा उत्साह, ते सुचणं, ती घाई, बरंचसं गोळ्यांचं होतं. आता उतरतंय, म्हणून थकवा. बरं वाटायला थोडे दिवस जातील.
रिक्षात हिशोब केला. एका दिवसात बारा पाठी कापल्या त्या मी. बाह्या कापल्या त्या गोळ्यांनी. असंच असणार.
पण चकचकीत बाजू वर घालताना मला जे वाटलं होतं ते कोणाचं होतं? लहानपणी पहिल्यांदा कात्री हातात आली तेव्हा वाटलं होतं तसंच. तेव्हा गोळ्या कुठे होत्या.
पुढे लिहीत नाही. झोप येतेय.

२६ मार्च
सुनेने चादर बदलायला गादी उचलली.
मी खुर्चीत बसून वाट पाहिली. आता म्हणेल, मी विचारलं होतं ना आई. सात उत्तरं तयार होती. तिने बाह्या मोजल्या, एक उलटी करून बघितली, उजेडात धरली. मग पोस्टात फोन करून दोन दिवस रजा टाकली आणि मशीनवर बसली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.
तिचं म्हणणं असं: बारा बाह्या मंद बाजूने लावू, उजव्या. आणि कॉलरही मंद बाजूची करू. म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल. मी म्हटलं, हे मी सांगणारच होते. ती म्हणाली, हो आई.
टाका तिचा सरळ येतो. सांगितलं नाही.

२७ मार्च
बारा कोट दिले. बँडमास्तरांनी अंगात घालून हात वर केले, खाली केले, आरशात पाहिलं. म्हणाले, ही दोन रंगांची कल्पना कोणाची? मी म्हटलं, घरातलीच. त्यांना टोपीही परत दिली.
संध्याकाळी चिरंजीवाने विचारलं, शिवले कोणी? मी तोंड उघडलं. सून आधी म्हणाली, आईंनी. त्याने खोकं उचललं आणि स्वतःच्या बेडरूममध्ये नेलं. मशीन जिथल्या तिथे.
जिंकले. फार काही वाटलं नाही. तेही गोळ्यांमुळेच असेल.

२८ मार्च
बागेतला कार्यक्रम. मास्तर उजवा हात उचलायचे तो मंद, डावा उचलायचे तो झळझळीत. लोकांनी बाजाला टाळ्या दिल्या. मी बाह्यांना दिल्या. मोठ्या भोंग्यावाल्याचं पहिलं बटण दुसऱ्याच गाण्याला उडालं. ते माप माझं होतं.

३१ मार्च
अर्धी गोळी. पुढच्या आठवड्यात बंद.
बँडमास्तर आले. बँडच्या बारा विजारी शिवायच्या आहेत. दारातूनच विचारलं, सूनबाई आहेत का? सून रविवारी मशीनवर बसेल. तिने मला बटणं दिली. भोंग्यावाल्याचा कोट आलाय, त्याला नवीन लावायचं.
खिडकीशी बसून लावलं. एकच बटण, पाऊण तास. मजबूत लावलं. मग कोट झटकायला उठले तर गाऊन वर आला. कोटासकट गाऊन शिवला होता.
सून कात्री घेऊन आली. म्हणाली, आई, हलू नका हं.
कोट सरकू नये म्हणून मुद्दामच तसं घेतलं होतं, असं मी सांगितलं. ती हो म्हणाली.